अक्कांची पोथी संगणकात कशी गेली

मागच्या श्रावणात मी आमच्या अक्कांच्या पोथीच्या फडक्यात साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल बांधून ठेवला. का ठेवला म्हणाल तर उत्तर एकच, वय. सत्तरी ओलांडली की बाईमाणसाला चावटपणाची मोकळीक मिळते. मुलं दुर्लक्ष करतात, नातवंडं टाळ्या देतात आणि नवऱ्याला ऐकूच येत नसल्यामुळं तो सुखी असतो.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पुढं भांड्यांचं दुकान, त्याच्या मागं अक्का आणि माडीवर आम्ही. अक्कांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेला लागून. त्यामुळं त्यांना राग कानडीत येतो. प्रेम कुठल्या भाषेत येतं ते अजून कळलेलं नाही. ‘करतो, जातो, आलतो’ असं पुरुषी थाटात बोलतात, कोल्हापुरातल्या जुन्या बायकांसारखं, आणि ते त्यांना शोभतं.

श्रावणातल्या दर सोमवारी दुपारी गल्लीतल्या बायका अक्कांच्या सोप्यात, दुकानामागच्या ओसरीत, जमतात आणि अक्का पोथी वाचतात. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासूनचं हे. पोथी तीच, भिंतीला टेकायची जागा तीच, आवाज तोच. बायका तेवढ्या बदलल्या. सासवा गेल्या, त्यांच्या जागी सुना बसल्या, आता त्या सुनांनाही खाली बसता येत नाही म्हणून खुर्च्या लागतात.

मला संशय आला तो पानांवरून. अक्का पान उलटायच्या ते पान संपल्यावर नाही, दम लागल्यावर. कधी एका ओवीत दोन पानं जायची, कधी एका पानावर अख्खा अध्याय बसायचा. कारखान्याचा अहवाल दर वर्षी आमच्या घरी येतो, कारण माझे यजमान भागधारक आहेत. घरात तो कुणी उघडत नाही. आकार पोथीएवढा, जाडीही तेवढीच. मग मला राहवलं नाही.

अक्कांनी फडकं सोडलं, अहवाल कपाळाला लावला, उघडला आणि सुरुवात केली. ताळेबंदावर बोट फिरवत त्यांनी शंकर-पार्वतीचं लग्न लावलं. नफा-तोट्याच्या तक्त्यावरून भुताखेतांची वरात निघाली. संचालक मंडळाच्या फोटोंचं पान आलं तेव्हा कथेत नेमके ऋषी आले होते, म्हणून अक्कांनी हात जोडले आणि समोरच्या बायकांनीही जोडले. एक अक्षर चुकलं नाही. आरती झाल्यावर सगळ्याजणी रांगेनं त्या अहवालाच्या पाया पडल्या, त्यावर बेल वाहिला. कारखान्याच्या सभेत त्या कागदाला असा मान कधी मिळाला नसेल.

मी तोंडात पदर कोंबून बसले होते. पण जिना चढून वर येईस्तोवर हसू गेलं. अक्कांना अक्षर दिसत नव्हतं. आता एकेक आठवायला लागलं. लग्नपत्रिका आली की ‘ठेव तिथं, निवांत बघतो’ म्हणायच्या आणि मग निवांतपणे माझ्याकडूनच ‘कुणाकडली गं?’ असं काढून घ्यायच्या. औषधाच्या गोळ्या रंगावरून ओळखायच्या. सकाळचा पेपर मांडीवर असायचा, पण त्यावर बहुतेक वेळा भाजी निवडलेली असायची.

मी कुणाला बोलले नाही. पोथी तोंडपाठ आहे, पुढची दहा वर्षं निघतील, असं मला वाटलं.

तर यंदा महिला मंडळाला नवं करायची हौस आली. आमच्या मठातून एक नवीन पुस्तक निघालं होतं, जुन्या काळच्या शिवभक्त बायकांच्या कथांचं. छापील प्रती बघता बघता संपल्या, म्हणून मठानं त्याची पीडीएफ फोनवर सगळ्यांना धाडली. मंडळाच्या बैठकीत ठरलं, यंदा हेच वाचायचं. आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “वाचणार अक्काच!”

अक्का म्हणाल्या, “व्हय, वाचतो की. त्यात काय?”

त्या बैठकीला पलीकडच्या गल्लीतल्या हेडबाई होत्या. शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या, आवाज अजून मैदानापलीकडं पोचेल असा. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “अक्का, त्रास नको तुम्हाला. पुस्तक नवीन आहे, भाषा जरा जड आहे. मी वाचीन ना.”

“मला कसला तरास?” अक्का म्हणाल्या. “जड असली तर तुमी उचलायला या.”

बायका हसल्या, पण हेडबाई हसल्या नाहीत. त्यांचा डोळा त्या भिंतीजवळच्या जागेवर बऱ्याच वर्षांपासून होता. नवी पोथी पाठ नाही आणि दिसतही नाही, म्हणजे पहिल्याच सोमवारी भर सोप्यात अक्का उघड्या पडणार होत्या. अक्कांकडं दागिने नाहीत, मुलं पुण्याला, त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. श्रावणातले ते सोमवार हीच त्यांची इस्टेट.

आता मला अक्कांची एवढी काळजी का, तर त्यांनी मला सहन केलं म्हणून. मी या घरात आले तेव्हा काय प्रकरण होते ते सांगायला हवं. माहेर कोडोलीचं, पण मामांकडं कोल्हापुरात राहून मी टायपिंग शिकलेली. इंग्रजी-मराठी दोन्ही सर्टिफिकिटं फ्रेम करून सासरी आणली होती. देव्हाऱ्याशेजारी खिळा मिळेल का, असं मी सासूबाईंना विचारलं होतं. त्यांनी खिळा दिला, पण न्हाणीच्या भिंतीला.

त्या वर्षीच्या श्रावणात मी पहिल्यांदा अक्कांची पोथी ऐकायला बसले आणि दुसऱ्याच ओवीला बायकांदेखत म्हणाले, “अक्का, तिथं तुम्ही थांबायला नको होतं. वाक्य पुढं चालू आहे.” अक्कांनी पोथी शांतपणे माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, “मग तू वाच की.” आणि मी, टायपिंगच्या परीक्षेतली पहिली, वाचायला लागले. ज्या वेगात बोटं चालायची त्याच वेगात तोंड सोडलं. मागच्या रांगेतल्या बायका नीट बसायच्या आत अध्याय संपला. मला वाटलं, आता कौतुक होणार. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “कोण मेलं, कोण जगलं, काय कळलं न्हाय बाई. पाऊस आला का म्हून मी वाळवण बघून आले, तवर झालं बी.”

अक्कांनी पोथी परत घेतली आणि पहिल्यापासून सुरू केली. मला ओरडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. फक्त वाचताना त्या एकदा थांबल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “हितं थांबू का बाई?” सगळा सोपा हसला. मी रडत जिना चढले आणि माडीवर जाऊन नवऱ्याला सांगितलं की या घरात शिकलेल्या माणसाला किंमत नाही. नवरा तेव्हाही ऐकत नव्हता.

असो. तर माझ्या माडीवर एक संगणक आहे. दुकानात नवीन मशीन आल्यावर सुनेनं जुनं मला दिलं. ते चालू केलं की आधी खोकतं, मग कण्हतं, मग विचार करतं. त्याच्याशी माझं जमतं. कीबोर्डवर बोटं ठेवली की मला अजूनही आपण सरळ रेषेतलं माणूस आहोत असं वाटतं.

मठाची पीडीएफ मी त्यावर उघडायला गेले. पीडीएफ वाचायचं जे नावाजलेलं मोठं सॉफ्टवेअर त्यात होतं, त्यानं माझ्या संयमाचा अंत पाहिला. आधी म्हणे अपडेट करा. मग म्हणे खातं उघडा. मग उजवीकडून एक खिडकी सरकली, कागदावर सही करायची आहे का? डावीकडून दुसरी, थोडे पैसे भरून अधिक सुविधा घ्याल का? या गर्दीत मठाचं पुस्तक कुठंतरी मागं उभं होतं, लग्नाच्या पंगतीत ताट न मिळालेल्या पाहुण्यासारखं. आणि मग मशीनच थिजलं. मी त्या पडद्याकडं बघत बसले तेव्हा मला जाणवलं, ही तर मी! सून म्हणून आले तेव्हाची मी! कुणी विचारलं नसताना प्रत्येक गोष्टीत मधे उभी राहणारी, येताजाता आपली नवी सर्टिफिकिटं दाखवणारी आणि भाजी फोडणीला टाकायची वेळ आली की नेमकी बंद पडणारी.

मी दुकानात जाऊन सुनेला सांगितलं. ती हिशेब करत होती. मान वर न करता म्हणाली, “आई, ते काढून टाका. एक हलकं आहे, मी दुकानात तेच वापरते. नुसतं वाचायचं. एवढंसं आहे, तुमच्या मशीनवर पळेल. आणि फुकट आहे.”

“फुकट?” मला पटेना. फुकट मिळतं ते एक तर प्रसाद, नाही तर उपदेश. “त्यांचं पोट कशावर चालतं मग?”

“लोक आपापल्या सवडीनं करतात, आई. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, कुणाला काही चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करावं. तुमची कांदा-लसूण चटणी नाही का, गल्लीत कुणालाही कृती सांगता तशी.”

“मी कृती सांगते, पण एक जिन्नस गाळून,” मी म्हणाले.

“हे लोक गाळत नाहीत.”

मला तसले लोक आवडतात, फक्त चटणी कुटायच्या डंकावर ते माझ्या शेजारी नकोत. वर जाऊन मी ते उतरवून घेतलं. कॉफीला आधण ठेवून आले तर काम झालेलं. पुस्तकावर टिचकी मारली आणि पापणी लवायच्या आत पहिलं पान समोर. खोकला नाही, कण्हणं नाही, काही विकत घेता का म्हणून विचारणा नाही. मेनू मराठीतही होता. अक्षर मोठं करत गेले तर आधी मुगाएवढं झालं, मग वाटाण्याएवढं, मग बोराएवढं. लिंबाएवढं केलं तेव्हा अर्धी ओळ पडद्याबाहेर गेली, म्हणून परत बोरावर आणलं. कागद काळा आणि अक्षर पांढरं करायचीही सोय होती. शाळेच्या पाटीवर असायचं तसं.

आता प्रश्न उरला अक्कांना माडीवर आणायचा. ‘तुम्हाला दिसत नाही, तर या’ असं म्हणायची माझी टाप नव्हती. मी खाली गेले आणि भोळा चेहरा करून म्हणाले, “अक्का, ते मठाचं पुस्तक मी त्या संगणकात उघडलंय, पण काही शब्द मला लागत नाहीत. कानडी वळणाचे आहेत. जरा बघता का?”

अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुला लागत न्हाईत?”

“नाही.”

“तुला?”

“नाही म्हटलं ना.”

“साकु!” म्हणजे पुरे. “मागल्या साली माझ्या पोथीत अहवाल कुणी बांधला हुता गं?”

“तुम्हाला कळलं होतं?”

“वास न्हाय व्हय मला? पोथीला इभूतीचा वास, कापराचा वास. हातात घेतली तर नव्या छपाईचा वास आला. म्हटलं, धाकटीचं काम. पर समद्या बायका बसल्याल्या. काय करतो? वाचलं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मला दिसत न्हाय म्हून सांगू?” त्यांनी एक शेंग कडकन फोडली. “डॉक्टरकडं गेलतो मी. भाचा घेऊन गेलता. डोळ्याचा मागला पडदा सुकलाय म्हणाला. चष्म्यानं काय व्हत न्हाय. मोठं मोठं तेवढं दिसंल म्हणाला. एवढं मोठं कोण छापतंय?”

“चला वर,” मी म्हणाले.

“गुडघं?”

“मी मागून ढकलते.”

ढकललं. मधल्या पायरीवर त्या थांबून म्हणाल्या, “पडलो तर दोघी पडू, पर वाचन तवर तरी पुढं ढकललं जाईल.” माडीवर पोचून त्या संगणकासमोर बसल्या. बोराएवढी अक्षरं, काळ्यावर पांढरी. अक्का पुढं वाकल्या, मग मागं झाल्या, मग मान जरा तिरकी केली. ओठ हलले. एक शब्द. मग दुसरा. मग एक सबंध ओळ मोठ्यानं वाचली आणि एकदम थांबल्या.

मी कॉफी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि मुद्दामच परत आले नाही. तिथं ओट्याला टेकून उभी राहिले आणि ऐकत राहिले. अडखळत, थांबत, मागं जात, पुन्हा पुढं. पाठांतराचा आवाज वेगळा असतो, वाचण्याचा वेगळा. तो दुसरा आवाज किती दिवसांत ऐकला नव्हता ते माझ्या लक्षात आलं. कॉफीवर साय धरली.

“अगं ए! पान कसं उलटायचं?” आतून हाक आली.

मी जाऊन स्पेसबार दाखवला. “ही लांबडी पट्टी दाबायची. पान पुढं जातं.”

त्यांनी दाबली. पान गेलं. पुन्हा दाबली. चेहऱ्यावर लहान पोराचं हसू. “आन मधी मधी हे काय बोलत न्हाय? टीव्हीवाणी? दुकानातलं मशीन तर सारखं टुणटुण करतंय.”

“नाही. हे नुसतं वाचायला देतं. आपण काही लिहू म्हटलं तरी लिहू देत नाही.”

“तुझ्यापरीस शहाणं हाय मग.” मला तो टोला बसला, पण बरा वाटला. “कुणाचं हाय हे?”

“कुणाचंच नाही. बऱ्याच लोकांनी मिळून केलंय, सगळ्यांसाठी. पैसे नाहीत.”

“म्हंजी देवळावाणी.”

“हो. पण ट्रस्टी नाहीत.”

“मग चालत असंल,” अक्का म्हणाल्या आणि पट्टी दाबली.

तेव्हापासून रोज दुपारी त्या माडीवर यायच्या. ते सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच्याच पानावर उघडायचं, याचं त्यांना फार कौतुक. माझ्या यजमानांना म्हणायच्या, “बघा भाऊजी, ह्याच्या ध्यानात ऱ्हातंय. तुमाला सकाळी जेवलासा का त्ये आठवत न्हाय.” यजमान हसून मान डोलवायचे. ऐकू आलेलं नसायचं.

पहिला सोमवार आला. आदल्या दिवशी मी आणि सुनेनं संगणक खाली आणून सोप्यात चौरंगावर मांडला होता. बायकांना अक्कांनी सांगितलं, “मठाची पोथी आता अशीच येती,” आणि कुणी वाद घातला नाही. हेडबाई आल्या त्या हातात प्लास्टिकची फाईल घेऊन. तिच्यात सबंध पुस्तकाच्या प्रिंट काढून आणलेल्या. “असू दे जवळ,” म्हणाल्या, “मशीनचा काय भरवसा?” आणि बसल्या पहिल्या खुर्चीवर, कुस्तीच्या मैदानात पहिल्या रांगेत बसतात तशा.

इथवर माझी आखणी चोख होती. एकच गोष्ट मी टायपिंगच्या शाळेत शिकले नव्हते. चौरंगावर ठेवलेल्या वस्तूची आमच्याकडं पूजा होते. मी नारळ आणायला आत गेले आणि येईपर्यंत मॉनिटरच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे उमटले होते. माऊसला हळद-कुंकू लागलं होतं. संगणकाच्या खालच्या डब्यावर बेलाचा ढीग आणि त्याच्या भोकात खोचलेली एक उदबत्ती. मी ओरडून उदबत्ती काढली. तर मागून एक बाई म्हणाली, “पोथी म्हटल्यावर अक्षता नकोत व्हय?” आणि सगळ्यांनी मूठमूठ अक्षता उधळल्या. पडद्यावरून घरंगळून त्या नीट कीबोर्डात जाऊन बसल्या, जशी काही जागा राखून ठेवली होती.

वाचन सुरू झालं. कथा होती एका तेलिणीची. सासरची छळतात, दिवसभर घाण्याला जुंपतात, तरी घाण्याच्या फेऱ्या मोजून ती शिवाचं नाव घेते. अक्का सावकाश वाचत होत्या. अक्षर एवढं मोठं की पहिल्या रांगेतल्या बायकांनाही दिसत होतं. त्यांतल्या दोघी-तिघी बरोबरीनं पुटपुटायला लागल्या. अक्कांनी पान संपवलं, अगदी संपल्यावरच, आणि पट्टी दाबली.

पट्टी खाली गेली ती वर आलीच नाही. तांदळाचा दाणा खाली अडकला होता. पानं पळायला लागली. तेलीण नवी नवरी म्हणून उंबऱ्यावर उभी होती, ती आमच्या डोळ्यांदेखत आई झाली, विधवा झाली, म्हातारी झाली आणि विमानात बसून कैलासाला पोचली. मग दुसऱ्या बाईची कथा आली आणि तीही तशीच भर्रकन मोक्षाला गेली. सगळं पुस्तक संपून शेवटचं कोरं पान आलं तेव्हा कुठं थांबलं.

“अय्या, मेली की!” कुणीतरी म्हणालं.

“कोण?”

“तेलीण. आन तिच्या मागची बी.”

“आता गं? अध्याव अर्ध्यावर मोडायचा नसतोय. मागं आमच्या जावंनं मोडला, म्हस आटली.”

हेडबाई उभ्या राहिल्या. फाईलचं बटण टक्कन उघडलं. “मी म्हटलं नव्हतं? मोडू नका, मी पुढं वाचते. अक्का, तुम्ही जरा सरका तिकडं.”

‘सरका’ हा शब्द सोप्यात पडला आणि सगळ्यांची तोंडं अक्कांकडं वळली. मी कीबोर्डशी झटत होते, मान वर करायचं धाडस नव्हतं. अक्का आता काय करतील? हेडबाईंचा कागद मागून घेतील आणि तो हातात धरून मनानं रचतील? त्यांना तेही जमलं असतं.

अक्का म्हणाल्या, “हेडबाई, तुमी वाचा. तुमचा कागद मला दिला असता तर उपेग न्हाय. मला बारीक दिसत न्हाय. लई दिस झालं.” मग सगळ्यांकडं तोंड करून, जरा मोठ्यानं, “दिसत न्हाय मला. ह्या पडद्यावरचं तेवढं दिसतंय. हे सुरू हुईस्तोवर ह्या वाचतील. सुरू झालं की मी.”

एवढी वर्षं आम्ही पाठ केलेलंच वाचन म्हणून ऐकलं, असं कुणी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. मागच्या खुर्चीवरून एक बाई म्हणाली, “बरं. मग कॉफी तवर आणू का?” बस्स.

हेडबाई वाचायला लागल्या. “तेलीण. उंबरठ्यावर. उभी राहिली. स्वल्पविराम.” स्वल्पविराम त्या वाचत होत्या की सवयीनं शुद्धलेखन घालत होत्या, ते कळेना. कागद आधी नाकासमोर होता. मग थोडा लांब गेला. मग हात पुरा ताठ झाला आणि त्यांचा हात अजून लांब असता तर कागद दुकानात गेला असता. एका ओळीवर त्या अडल्या. ती ओळ सोडून पुढची घेतली. तेलीण उंबऱ्यावरून एकदम विहिरीवर पोचली.

तोवर मी कीबोर्ड पालथा करून सुपासारखा पाखडला. अक्षता पडल्या, बेलाचं एक देठ पडलं आणि माझ्या माडीवरचे भडंगाचे दोन दाणे पडले, ते मी पायाखाली घेतले. पट्टी वर आली. मी पानाचा नंबर टाकला. तेलीण परत तरुण होऊन उंबऱ्यावर आली, बोराएवढ्या अक्षरांत.

हेडबाई वाचतच होत्या, कागद ताठ हातात धरून. पण आता त्यांचं अडखळणं थांबलं. एकही ओळ सुटेना. मी बघितलं, तर त्यांची नजर कागदावर नव्हतीच. कागदाच्या कडेवरून त्या पडद्याकडं बघत होत्या.

अक्कांना माणसं पुसट दिसतात, पण असलं बरोबर दिसतं. “हेडबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “कागद खाली ठेवा. हात दुखंल. हितं कुणालाच दिसत न्हाय.”

हेडबाई लाल झाल्या. एक क्षण मला वाटलं, आता फाईल घेऊन निघतील. मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला. “नवीन नंबरचा चष्मा अजून सवयीचा झाला नाही,” एवढं म्हणाल्या.

“माझा बी न्हाय,” मागून एकजण म्हणाली, “चार वर्सं झाली.” आणि खुर्ची ओढत पुढं आली. मग दुसरी आली, तिसरी आली. खुर्च्या खरवडल्याचा असा आवाज झाला की दुकानातून सून बघायला आली, भांडण लागलं का म्हणून. सगळ्याजणी पडद्याभोवती कोंडाळं करून बसल्या. हेडबाईंनी पान संपवलं आणि अक्कांकडं बघितलं, कारण पट्टी अक्कांच्या हाताशी होती. अक्कांनी लगेच दाबली नाही. “ती विहिरीवरची वळ सोडलासा मगाशी,” म्हणाल्या, “ती वाचा, मग पुढं.” हेडबाईंनी वाचली. मग पट्टी दाबली गेली आणि पुढचं पान अक्कांनी वाचलं, त्याच्या पुढचं मागच्या खुर्चीवालीनं. ज्यांनी जन्मात कधी चारचौघांत वाचलं नव्हतं त्यांनीही एकेक पान वाचलं. कुणी भरभर, कुणी बोट लावून. अध्याय संपेपर्यंत दिवेलागण होत आली, आणि त्या एवढ्या वेळात अक्कांनी पट्टीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

सगळ्या गेल्यावर मी मॉनिटरची विभूती पुसत होते. अक्का तिथंच बसून होत्या. मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलतील. एवढी वर्षं लपवलेलं सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं, मन भरून आलं असेल.

“धाकटे,” त्या म्हणाल्या, “ह्यात पेपर दिसतोय का गं?”

“दिसतो की. रोजचा पेपर पीडीएफमधे येतो. सून काढून देईल.”

“मोठा व्हतोय?”

“हवा तेवढा.”

“मग आधी निधनवार्तांचं पान काढ.” त्यांनी खुर्ची पुढं ओढली. “आन मागलं बी काढ. तीन-चार वर्साचं. कोण कोण गेलंय मला म्हाईतच न्हाय. मी अजून समद्यास्नी पोथीला या म्हून निरोप धाडतोय.”